चेन्नईच्या घरासाठी बिनतारी तापमापक : निवड, मांडणी आणि पडताळा

मद्रास शहरात हवेचे तापमान मोजण्याची परंपरा दोन शतकांहून जुनी आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १७९२ मध्ये नुंगमबाक्कम येथे वेधशाळा उभारली. तिचा ग्रॅनाइटचा भव्य स्तंभ तेथील प्रादेशिक हवामान केंद्राच्या आवारात आजही पाहावयास मिळतो. आणि ग्रहताऱ्यांच्या वेधांचे काम १८९९ मध्ये कोडाईकनालला नेण्यात आल्यानंतरही हवामानाचे दफ्तर मात्र याच शहरात राहिले. त्या दफ्तराकडे थोडे लक्षपूर्वक पाहिले असता सामान्य नागरिकाच्याही ध्यानात येते की, चेन्नईचे तापमान म्हणून जे जाहीर होते ते एका ठिकाणचे नसून दोन ठिकाणचे असते. नुंगमबाक्कम समुद्राला जवळ, विमानतळालगतचे मीनमबाक्कम त्या मानाने आत. उन्हाळ्यात दुपारचा समुद्रवारा पहिल्या ठिकाणी आधी आणि दुसऱ्या ठिकाणी मागाहून पोहोचतो, आणि मधल्या अवधीत मीनमबाक्कमचा पारा बहुधा वर चढून गेलेला असतो. एकाच शहरातील, एकाच खात्याच्या, सारख्याच दक्षतेने सांभाळलेल्या दोन केंद्रांत जर असे अंतर पडते, तर पेरंबूरच्या जुन्या घरातील माजघर, वेळचेरीच्या सदनिकेतील पश्चिमेकडची निजावयाची खोली आणि तिरुवान्मियूरच्या किनाऱ्यावरील सज्जा यांची उष्णता एका आकड्यात कशी सामावणार?

तापमान हा जागेचा गुण आहे, ही गोष्ट ज्याने मनात पक्की धरली त्याची निम्मी निवड झाली असे समजण्यास हरकत नाही. बाजारात आज बिनतारी तापमापकांची, म्हणजेच लोक ज्यांना सरसकट ‘सेन्सर’ म्हणतात त्या चिमुकल्या पेट्यांची, इतकी रेलचेल आहे की, गिऱ्हाईक प्रथम किंमत पाहतो, मग वेष्टनावरील दशांश पाहतो, आणि ते यंत्र कोठे लावावयाचे व त्याच्या आकड्यावरून कोणता निर्णय घ्यावयाचा हा प्रश्न यंत्र घरी आल्यावर त्याला सुचतो. प्रस्तुत लेखात हाच क्रम उलटा धरला आहे. तंजावरच्या मराठी राज्याच्या काळापासून दक्षिणेत स्थायिक झालेली घराणी, सोने गाळण्याच्या व्यवसायासाठी विटा-आटपाडीकडून आलेली गलाई मंडळी आणि जुन्या महाबलिपुरम रस्त्यावरील संगणकाच्या कचेऱ्यांत नोकरीस असलेली तरुण कुटुंबे या सर्वांना तो उद्देशून आहे. तथापि मुंबई, रत्नागिरी, पणजी अशा दमट हवेच्या गावी राहणाऱ्यांनाही त्यातील बहुतेक भाग जसाचा तसा लागू पडेल. गलाईच्या भट्टीसाठी मात्र यांतील कोणतेही यंत्र कामाचे नाही. सोने १०६४ अंशांवर वितळते आणि तेथे थर्मोकपलच हवा, हे आरंभीच सांगितलेले बरे.

प्रयोजन आधी ठरवावे

घरातील तापमापकाची कामे मुख्यतः चार प्रकारची असतात आणि प्रत्येकाची मागणी निराळी असते. पहिले आणि सर्वांत प्रचलित काम म्हणजे वातानुकूलन यंत्र व पंखे यांना आज्ञा देणे. वातानुकूलन यंत्राचा स्वतःचा संवेदक त्याच्या पोटात, छताजवळ असतो, आणि निजणारा माणूस खाली खाटेवर असतो. म्हणून उशीच्या उंचीवर ठेवलेला एक तापमापक त्या यंत्रापेक्षा माणसाच्या बाजूने अधिक खरे सांगतो. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या नियमानुसार १ जानेवारी २०२० पासून तारांकित वातानुकूलन यंत्रे मुळातच २४ अंशांवर ठरवून विकली जातात, आणि ही मर्यादा एका अंशाने वाढविल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते असा ब्यूरोचाच अंदाज आहे. तामिळनाडूत विजेचे बिल दोन महिन्यांनी येते व वापर वाढेल तसा वरच्या टप्प्याचा दर लागू होतो, हे लक्षात घेता तापमापकाची किंमत एका उन्हाळ्यात वसूल होणे असंभाव्य नाही. या कामाला अर्ध्या अंशाच्या आतली अचूकता पुरते.

दुसरे काम औषधांच्या राखणीचे. इन्सुलिनच्या न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांच्या दरम्यान ठेवाव्या लागतात, आणि शीतकपाटाच्या मागच्या भिंतीशी त्या गोठण्याची भीती असते. तेथे एका अंशाची चूकही महाग पडू शकते. तिसरे काम ओलाव्याच्या पहाऱ्याचे: ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत कपाटे, पुस्तके, वाद्ये यांवर बुरशी धरते, आणि तेथे तापमानापेक्षा आर्द्रतेचा आकडा मोलाचा असतो. चौथे काम वृद्ध, आजारी व तान्ह्या मुलांच्या खोलीवर लक्ष ठेवण्याचे, आणि या शहरात त्याचे महत्त्व विशेष आहे.

ते विशेष अशासाठी की, चेन्नईचा उन्हाळा केवळ पाऱ्याने मोजता येत नाही. ३१ मे २००३ रोजी नुंगमबाक्कम येथे ४५ अंशांची नोंद झाली, हा या शहराचा उच्चांक सर्वांच्या स्मरणात राहतो. पण तसे दिवस थोडे. साधारणतः ४ ते २८ मे या अग्निनक्षत्राच्या काळात, ज्याला येथील लोक ‘कत्तिरी’ म्हणतात, समुद्रवारा आला की पारा उतरतो आणि दमटपणा चढतो. हवामानशास्त्रात उष्णता आणि आर्द्रता यांचा एकत्रित परिणाम दाखविणारा जो निर्देशांक वापरतात त्याप्रमाणे ३२ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर शरीराला सुमारे ४१ अंशांइतका ताप जाणवतो, आणि ३५ अंशांना तेवढीच आर्द्रता असेल तर तो ५० अंशांच्या घरात जातो. नागपूरच्या कोरड्या हवेत ज्या आकड्याला आपण सुसह्य म्हणू तोच आकडा अड्यारच्या बंद खोलीत वृद्ध माणसाच्या जिवावर बेतू शकतो. तात्पर्य, चेन्नईत तापमापक घ्यावयाचा तर तो आर्द्रता मोजणाराच घ्यावा. चार पैसे वाचविण्यासाठी नुसते तापमान सांगणारे यंत्र दिवाणखान्यात लावण्यात अर्थ नाही.

आतील संवेदक ओळखावा

वेष्टनावर ३१.४७ असा आकडा छापलेला दिसला की यंत्र फार सूक्ष्म असावे असा समज होतो. किती दशांशांपर्यंत आकडा दाखविला जातो आणि तो आकडा सत्याच्या किती जवळ आहे, या दोन अगदी स्वतंत्र गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट यंत्राच्या पोटातील संवेदकावर अवलंबून असते, आणि म्हणून खरेदीपूर्वी त्याचे नाव विचारून घ्यावे.

डीएचटी ११ हा निळ्या जाळीचा संवेदक सर्वांत स्वस्त. शंभर-सव्वाशे रुपयांत तो कोठेही मिळतो आणि शाळेतल्या प्रयोगांना ठीक आहे. परंतु त्याच्या अचूकतेची हमी दोन अंश अधिक-उणे एवढीच आहे. खोलीत खरोखर ३० अंश असता तो २८ किंवा ३२ सांगू शकतो, आणि ज्या दोन अंशांवर पंखा की वातानुकूलन हा सारा निर्णय उभा असतो तेच अंश हा संवेदक गमावून बसतो. शिवाय त्याची मर्यादा ५० अंशांवर संपते, आणि येथील उघड्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात ती ओलांडली जाणे अशक्य नाही. त्याचा पांढरा थोरला भाऊ डीएचटी २२ अर्ध्या अंशापर्यंत अचूक असतो. मात्र सतत दमट हवेत राहिल्यावर त्याची आर्द्रता ९९.९ वर जाऊन अडकल्याची तक्रार वारंवार ऐकू येते.

सेन्सिरियन या स्विस कंपनीचे एसएचटी ३१ व एसएचटी ४० हे संवेदक आजच्या घडीला घरगुती कामासाठी सर्वांत भरवशाचे म्हणता येतील. तापमानात सामान्यतः ०.२ अंश आणि आर्द्रतेत सुमारे २ टक्के, एवढाच फरक ते पडू देतात. तयार यंत्रांपैकी अकाराचे चौकोनी तापमापक आणि सोनॉफचे एसएनझेडबी-०२पी व पडदा असलेले एसएनझेडबी-०२डी हे ०.२ ते ०.३ अंशांच्या अचूकतेची हमी देतात, आणि ती घरासाठी पुरेशीहून अधिक आहे. एक सूचना मात्र सेन्सिरियनच स्वतःच्या तांत्रिक पत्रकात देते, ती चेन्नईकरांनी ध्यानात ठेवावी: ८० टक्क्यांवरील आर्द्रतेत संवेदक दीर्घकाळ राहिला, तर त्याचा आर्द्रतेचा आकडा काही काळ दोन-तीन टक्क्यांनी चढा येऊ लागतो आणि कोरड्या हवेत परतल्यावर हळूहळू पूर्वपदावर येतो. म्हणून डिसेंबरातील पावसाळी आठवड्यानंतर आर्द्रता थोडी फुगलेली दिसली तर यंत्राला लगेच दोष देऊ नये.

हाताने यंत्र जुळविणाऱ्यांना बॉशच्या बीएमई २८० या संवेदकाचा मोह पडतो, कारण तो हवेचा दाबही सांगतो. पण त्याच्या नावाखाली बीएमपी २८०, ज्यात आर्द्रता मोजण्याची सोयच नाही, विकला जाण्याचा प्रकार सर्रास चालतो. खूण सोपी आहे: बीएमई २८० ची धातूची टोपी चौरस असते, बीएमपी २८० ची किंचित लांबट. डीएस १८ बी २० हा पाण्यात बुडविता येणारा, तारेच्या टोकाला पोलादी नळी असलेला संवेदक शीतकपाट, पाण्याची टाकी, मत्स्यपेटी यांसाठी उत्तम. त्याच्याही नकला बाजारात मुबलक आहेत, पण त्याचा पडताळा बर्फाने घरबसल्या घेता येतो. तो कसा, हे पुढे येईल.

बिनतारी मार्ग कोणता

संवेदकाने मोजलेला आकडा कोणत्या मार्गाने पोहोचावयाचा, यावर घटाचे आयुष्य, यंत्राची किंमत आणि पुढची कटकट या तिन्ही गोष्टी अवलंबून असतात.

वाय-फायचा मार्ग वरवर सर्वांत सोयीचा, कारण घरात राउटर असतोच आणि मध्ये दुसरे यंत्र लागत नाही. पण वाय-फाय वीज खाते. ईएसपी ८२६६ सारखी चिप वाय-फायला जोडलेली असताना सुमारे ७० ते ८० मिलिअँपिअर ओढते. तिला मधल्या वेळात गाढ झोपविण्याची तजवीज केली तरी नाण्याएवढ्या घटावर ती चालणार नाही. जेथे भिंतीतून वीज घेता येते तेथेच वाय-फाय वापरावे.

ब्लूटूथचे तापमापक आपला आकडा ठरावीक अवधीने हवेत जाहीर करतात आणि जवळ कोणी ऐकणारा असेल तर तो टिपून घेतो. शाओमीचे मिजिया हे पडद्याचे चिमुकले यंत्र या वर्गातील सर्वांत लोकप्रिय. एका सीआर २०३२ घटावर ते कित्येक महिने चालते, पडद्यामुळे घरातील वडीलधाऱ्यांना फोन न उघडता आकडा दिसतो, आणि हौशी प्रोग्रॅमरांनी त्यासाठी तयार केलेली खुली आज्ञावली फोनवरून बिनतारी मार्गानेच चढविता येते. अडचण एवढीच की ब्लूटूथचा पल्ला एक-दोन भिंतींपलीकडे खात्रीचा नाही. म्हणून दुसऱ्या टोकाच्या खोल्यांसाठी ईएसपी ३२ चा एक श्रोता विजेच्या खोबणीत लावून ठेवावा लागतो.

झिग्बीची रचना याहून सुविचारित आहे. येथे एक समन्वयक, म्हणजे संगणकाला जोडावयाची लहानशी कांडी किंवा स्वतंत्र पेटी, सर्वांचा हिशेब ठेवतो, आणि विजेवर सतत चालणारे झिग्बीचे प्लग व दिवे एकमेकांचा निरोप पुढे पोहोचवितात. घटावरचे तापमापक मात्र दुसऱ्याचा निरोप वाहत नाहीत. पाच तापमापक घेतले म्हणून जाळे विस्तारत नाही, त्यासाठी मध्ये एखादा प्लग असावाच लागतो. झिग्बीला ११ ते २६ अशा सोळा वाहिन्या आहेत, आणि वाय-फायच्या १, ६ व ११ या वाहिन्यांच्या मधल्या फटींत १५, २० व २५ या मोकळ्या सापडतात. ज्या सदनिकेत भिंतीपलीकडून आठ-दहा शेजाऱ्यांचे राउटर ऐकू येतात तेथे यांपैकी एक निवडणे हिताचे. समन्वयकाची कांडी संगणकाच्या निळ्या यूएसबी खोबणीत थेट खुपसू नये, कारण तेथील गोंगाट याच लहरींवर पडतो. हातभर लांबीची जोडतार मध्ये घालावी, म्हणजे अर्ध्याहून अधिक तक्रारी तेथेच मिटतात. जुन्या मद्रासच्या जाड विटा-चुन्याच्या भिंती, नव्या इमारतींचे सळईचे स्लॅब आणि लोखंडी कपाटे या तिन्ही वस्तू लहरींना अडवितात. म्हणून खिळा ठोकण्यापूर्वी यंत्र त्या जागी दोन दिवस नुसते ठेवून पाहावे.

झेड-वेव्ह या आणखी एका बिनतारी मार्गाविषयी एकच गोष्ट सांगावयाची आहे, पण ती महत्त्वाची. भारतात झेड-वेव्ह ८६५.२ मेगाहर्ट्झवर चालते, अमेरिकेत ९०८.४२ वर आणि युरोपात ८६८.४२ वर. अमेरिकेतील मुलाने प्रेमाने आणलेले झेड-वेव्हचे यंत्र येथील समन्वयकाशी बोलणार नाही, आणि त्याच्या लहरी वापरण्याची येथे मुभाही नाही. झिग्बी, ब्लूटूथ आणि वाय-फायचा नेहमीचा पट्टा मात्र २.४ गिगाहर्ट्झचा असल्याने सर्व देशांत एकच आहे. परदेशातून काही मागवावयाचे तर ते याच पट्ट्यातील मागवावे. मॅटर ही २०२२ मध्ये आलेली सामाईक व्यवस्था आणि तिच्याबरोबरची थ्रेडची जाळी यांचा भविष्यकाळ चांगला दिसतो. तथापि ती जाळी घरच्या नेटवर्कशी जोडणारा सीमा-राउटर घरात आधीच असेल तरच आज त्या मार्गाने जाणे किफायतीचे ठरेल.

खरेदी आणि खर्चाचा ताळा

मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आणि पुणेकरांना तपकीर गल्ली जशी परिचित, तशी चेन्नईत माउंट रोडलगतची रिची स्ट्रीट. सुटे संवेदक, ईएसपीचे फलक, तारा आणि घट यांसाठी तेथे एक फेरी अवश्य मारावी. झिग्बीची तयार यंत्रे मात्र बहुधा ऑनलाइनच मागवावी लागतात. भाव सतत वरखाली होत असले तरी ढोबळ अंदाज असा: चांगला तयार तापमापक हजार ते दोन हजारांच्या दरम्यान, झिग्बीची कांडी दीड ते अडीच हजार, आणि ईएसपी फलक व एसएचटी ३१ मिळून स्वहस्ते जुळविलेले यंत्र सातशे ते हजाराच्या आसपास.

हे आकडे नुसते शेजारी मांडले तर हातचे यंत्र स्वस्त दिसते. पण त्याला विजेची खोबण, पेटी, यूएसबी अडॅप्टर आणि जुळविणाऱ्याची संध्याकाळ लागते. एकदोन खोल्यांच्या घराला ब्लूटूथची पडद्याची यंत्रे आणि एक श्रोता पुरतो. चार-पाच खोल्या झाल्या की झिग्बीच्या कांडीचा खर्च सर्वांत विभागला जातो आणि तोच मार्ग शेवटी कमी खर्चाचा ठरतो.

घटाचा विचार खरेदीच्या वेळीच करावा. सर्व नाणेघट ३ व्होल्टचेच असले तरी सीआर २०३२ मध्ये सुमारे २२०, सीआर २४५० मध्ये सुमारे ६०० आणि सीआर २४७७ मध्ये सुमारे १००० मिलिअँपिअर-तास साठा असतो. उंच भिंतीवर शिडी लावून बदलावयाच्या यंत्रासाठी मोठा घट असलेलेच यंत्र घ्यावे. उघड्या पुड्यांतील निनावी घट घेऊ नयेत. आणि ज्या घरात लहान मूल आहे तेथे हे घट, जुने असोत वा नवे, कुलपात ठेवावेत. गिळलेला लिथियमचा घट दोन तासांच्या आत अन्ननलिका जाळू लागतो, आणि तसे घडल्याचा संशय जरी आला तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

मांडणी

पुण्याच्या वेधशाळेच्या आवारात झडपांची पांढरी पेटी अनेकांनी पाहिली असेल. तिची मूळ कल्पना टॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याची, आणि तिचा हेतू एवढाच की आतील तापमापकाला हवा लागावी, ऊन लागू नये. आंतरराष्ट्रीय प्रघातानुसार तो जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर असतो. घरातही हाच नियम पाळावा: आतल्या भिंतीवर, छातीच्या किंवा डोक्याच्या उंचीला, जेथे हवा फिरते पण वातानुकूलनाचा झोत थेट येत नाही. शीतकपाटाचा माथा, दूरदर्शन संचाची मागची बाजू, राउटरचा शेजार आणि स्वयंपाकघरातील शेगडीची भिंत या जागा वर्ज्य समजाव्यात. ईएसपीच्या फलकाला संवेदक अगदी चिकटवून लावणे म्हणजे चुलीशेजारी बसून गारठा मोजण्यासारखे आहे. फलक स्वतः तापतो, आणि संवेदक त्याच्यापासून वीतभर तारेने दूर, शक्यतो त्याच्या खाली, ठेवला तरच आकडा खरा येतो. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी छताच्या जवळचा कोपरा टाळावा, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खाली उष्णता सोडीत राहतो.

बाहेरच्या तापमापकाच्या बाबतीत परदेशी पुस्तकांचा एक उपदेश येथे फसतो. ‘उत्तरेच्या भिंतीला लावा, तेथे नेहमी सावली असते’ असे ती पुस्तके सांगतात, आणि लंडनला ते बव्हंशी खरे आहे. चेन्नई तेरा अक्षांशांवर आहे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत येथे माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, म्हणजे नेमक्या कत्तिरीच्या दिवसांत उत्तरेची भिंत ऊन खाते. मुंबई-पुण्याकडे हाच प्रकार मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत होतो. म्हणून दिशेवर विसंबून न राहता खोल सज्ज्याखाली, पांढऱ्या झडपांच्या लहान पेटीत यंत्र टांगावे. बेसंट नगर, तिरुवान्मियूर अशा किनारी भागांत खारी हवा घटाच्या पट्ट्या गंजविते. वर्षातून दोनदा पेटी उघडून त्या पुसाव्यात.

शीतकपाटात ब्लूटूथचे यंत्र ठेवल्यास धातूच्या भिंतींनी लहरी क्षीण होतात आणि थंडीने घटाचा दाब उतरतो. औषधांसाठी डीएस १८ बी २० ची चपटी तार दाराच्या रबरी पट्टीतून आत सोडून मूळ यंत्र बाहेर ठेवणे हा खात्रीचा उपाय.

पडताळा

नवे यंत्र आणले म्हणून त्याच्या शब्दावर विश्वास ठेवू नये. सगळी यंत्रे पंख्यापासून दूर, एका पुठ्ठ्याच्या खोक्यात रात्रभर एकत्र ठेवावीत आणि सकाळी त्यांचे आकडे नोंदवहीत लिहावेत. जे यंत्र इतरांहून अर्ध्या अंशाने वेगळे बोलते त्याची दुरुस्ती संगणकात कायमची घालून द्यावी. पाण्यात बुडणाऱ्या संवेदकासाठी फोडलेला बर्फ आणि थोडे पाणी यांचे घट्ट मिश्रण पेल्यात करावे. ढवळून काही मिनिटांनी आकडा शून्याच्या अर्ध्या अंशात आला पाहिजे. आर्द्रतेसाठी मिठाची कसोटी आहे: बाटलीच्या झाकणात साधे मीठ घेऊन ते ओल्या वाळूइतके भिजवावे, ते झाकण व तापमापक एकमेकांना न टेकता हवाबंद डब्यात बंद करावेत, आणि दहा-बारा तासांनी पाहावे. संपृक्त मिठावरील हवेची आर्द्रता खोलीच्या तापमानाला ७५ टक्के असते. तुमचे यंत्र ७१ सांगत असेल तर त्यात चार मिळवावेत.

आज्ञा देताना

आकडा खरा आला म्हणून आज्ञा बरोबर होते असे नाही. वातानुकूलन २८ अंशांना सुरू आणि २८ लाच बंद अशी आज्ञा दिली, तर यंत्र दर काही मिनिटांनी चालू-बंद होऊन त्याचा कॉम्प्रेसर झिजेल. सुरू करण्याचा आणि थांबविण्याचा आकडा यांत किमान एक-दीड अंशाचे अंतर ठेवावे आणि बंद झाल्यावर पाच मिनिटे तरी पुन्हा सुरू होऊ देऊ नये. त्याहून घातक चूक निराळीच आहे. तापमापकाचा घट संपला तर संगणकाच्या पडद्यावर शेवटचा आकडा तसाच राहतो, आणि मेलेले यंत्र २७ अंश सांगत असताना खोली ३४ वर गेलेली असू शकते. म्हणून प्रत्येक आज्ञेत शेवटची नोंद केव्हाची हे तपासण्याची अट घालावी, आणि दोन तास काही न आल्यास घरातल्यांना सूचना जावी अशी तजवीज करावी.

आणखी एक कसोटी या शहराने आपल्यापुढे ठेवली आहे. १२ डिसेंबर २०१६ च्या वरदा वादळानंतर शहराच्या अनेक भागांत कित्येक दिवस वीज नव्हती, आणि २०२३ च्या डिसेंबरातील मिचाँगच्या पावसाने त्याची पुन्हा आठवण करून दिली. ज्या यंत्राचा आकडा आधी परदेशातील सर्व्हरवर जाऊन मग आपल्या फोनवर येतो, ते यंत्र इंटरनेट गेले की आंधळे होते. आणि कंपनीने ती सेवा गुंडाळली तर कायमचे. होम असिस्टंटसारखी खुली व्यवस्था जुन्या संगणकावर घरातच चालते, झिग्बी व ब्लूटूथ या दोन्हींशी बोलते, आणि एका लहान इन्व्हर्टरवर ती तग धरू शकते. घरात कोण केव्हा असते याचा माग तापमानावरूनही लागतो, तेव्हा हे दफ्तर घराबाहेर न जाणेच श्रेयस्कर.

इतके सर्व वाचून एकदम सहा यंत्रे मागवू नयेत. आर्द्रता मोजणारी, सेन्सिरियनच्या किंवा तत्सम संवेदकाची, एकाच बनावटीची दोनच यंत्रे आधी घ्यावीत. एक निजावयाच्या खोलीत आणि दुसरे घरातील सर्वांत तापणाऱ्या खोलीत लावावे. मिठाने त्यांचा पडताळा घ्यावा. आणि एक पुरती कत्तिरी व त्यापुढचा एक ईशान्य पावसाळा त्यांच्या नोंदी ठेवाव्यात. त्या नोंदीच तिसऱ्या यंत्राची गरज आहे की नाही आणि असल्यास कोठे, हे सांगतील. घरात वृद्ध माणूस एकटे राहत असेल, तर पहिले यंत्र त्यांच्या खोलीत लावावे आणि धोक्याची सूचना एकाऐवजी दोन फोनांवर जाईल अशी व्यवस्था उन्हाळ्यापूर्वीच करून ठेवावी.